व्हर्न टटलचा चेहरा

“हा टटल नाहीच,” जुनी कार्डं विकणारा ड्वेन पोलार्ड म्हणाला आणि डोळ्याला लावलेलं भिंग तसंच ठेवून त्यानं दुसऱ्या हातानं रेडिओ बंद केला.

रेडिओवर डेट्रॉइटच्या बेसबॉल संघाची मॅच रंगात आली होती. ती मधेच थांबल्यावर दुकान एकदम लहान वाटायला लागलं. इलोनाला ते वाक्य आधी नीट ऐकूच आलं नव्हतं. तिच्या डोक्यात अक्रोडाचे रोल चालले होते. पुढच्या शनिवारी ज्युडिथचं, तिच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न, आणि चर्चमधल्या बायकांनी रोल करायचं कबूल करूनही त्या ते ऐनवेळी तिच्याच गळ्यात घालणार हे तिला स्पष्ट दिसत होतं. मग ते वाक्य उशिरा येऊन कानात शिरलं. हा टटल नाहीच.  तिनं शेजारी पाहिलं. आपू, म्हणजे तिचा बाप, बेला ओरोस, टोपी काखेत धरून काउंटरपाशी उभा होता. त्याच्या दाढीच्या साबणाचा वास तिला लहानपणापासून पाठ होता. हे एक वाक्य कुणा परक्या माणसाच्या तोंडून ऐकायला हा माणूस जवळजवळ चाळीस वर्षं थांबला होता. आता तो उडी मारेल, काउंटरवर हात आपटेल, ‘बघ, इलोना, बघ!’ म्हणून दुकान डोक्यावर घेईल, असं तिला वाटलं. आपू च्युइंगमच्या पाकिटांकडे बघत होता. एक पाकीट त्यानं उचललं, उलटं करून वाचलं आणि परत जागेवर ठेवलं.

बेलाचं बोलणं चारानं भागायचं, असं इलोनाची आई म्हणायची. रागानं नव्हे. भाजीत मीठ किती टाकायचं हे सांगावं तितक्या सहज. आपूनं नदीत हाताएवढा मासा पकडला की तो बोटाएवढा असायचा. गव्हर्नरनं त्याच्याशी हात मिळवला असेल तर गव्हर्नर बहुधा मोटारीतून पुढे गेला असेल आणि ह्यानं हात हलवला असेल. काचेच्या कारखान्यातून तो संध्याकाळी घरी यायचा तो रिकाम्या हातानं कधी नाही, काहीतरी घडलेलं घेऊनच. आई पाप्रिकाशचं, हंगेरीतल्या तांबड्या कोंबडी-रश्श्याचं, पातेलं ढवळत ऐकायची, हसायची, आणि इलोनाकडे बघून चार बोटं वर करायची. या सगळ्या गोष्टींची राणी म्हणजे ते कार्ड. आपू तरुणपणी बेसबॉलच्या मोठ्या लीगच्या उंबरठ्यापर्यंत पोचला होता, एवढं खरं होतं. डेट्रॉइटच्या संघानं त्याला एका वसंतात फ्लोरिडातल्या सरावाला नेलं होतं, झेल घ्यायला, आणि सराव संपायच्या आत परत पाठवलं होतं. पण तिथून तो म्हणे, च्युइंगमच्या पाकिटातून खेळाडूंच्या फोटोंची कार्डं निघतात, तसल्या एका कार्डावर छापून आला होता. कार्ड होतंही घरात, बिस्किटांच्या डब्यात. फक्त त्यावर नाव होतं व्हर्न टटल. ‘नाव व्हर्नचं, थोबाड माझं,’ आपू सांगायचा. का, तर फोटोवाला आला त्या सकाळी व्हर्नच्या गालाला मधमाशी चावली होती. पुढच्या नाताळात मधमाशीची दाढ झाली, सुजलेली. एका ईस्टरला तर तिथं एक क्युबन मुलगी आली आणि तिच्या भावानं व्हर्नचा डोळा काळानिळा केला. आईची चार बोटं तेव्हा टेबलावर तबल्यासारखी वाजली होती.

इलोना एके काळी यातलं अक्षर न् अक्षर खरं मानायची. तिसरीत असताना तिनं ते कार्ड फ्रॉकच्या खिशातून शाळेत नेलं. मधल्या सुट्टीत पोरांच्या घोळक्यात ते वर धरून म्हणाली, हा माझा बाप. पोरांनी कार्ड वाचलं. मग एकानं अगदी सभ्यपणे विचारलं, “तुझा बाप टटल आहे? मग तू ओरोस कशी? तुझी आई काय सांगते याबद्दल?” त्या वयात तिला त्यातला अर्धाच वार कळला, पण हसणं पुरं कळलं. घरी येऊन तिनं कार्ड डब्यात ठेवलं, झाकण दाबून बसवलं, आणि त्यानंतर ते कधी नीट बघितलं नाही. आपूवर ती रागावली नाही. आपूवर रागावणं अवघडच होतं. तिनं फक्त आईचं गणित शिकून घेतलं आणि पुढे त्याच गणितावर पोट भरलं. विमा कंपनीत दावे तपासायचं काम ती वीस वर्षं करत आली होती. फोनवर माणूस काय सांगतो यापेक्षा कसं सांगतो हे ती ऐकायची. तिच्या साहेबाच्या मते सबंध टोलेडो शहरात तिच्याएवढा कान कुणाला नव्हता. बापाच्या बाबतीत हा कान तिनं कधी लावलाच नव्हता, कारण तिथं निकाल तिसरीतच लागला होता.

आणि आता लग्न. नवऱ्या मुलाकडची माणसं मोजकी बोलणारी, लग्नाच्या आधीच्या जेवणाला आपू त्यांच्यात मधोमध बसणार, आणि सूप यायच्या आत मधमाशी येणार. ज्युडिथ हसून घालवेल. व्याही एकमेकांकडे बघतील. ते बघणं इलोनाला आत्ताच दिसत होतं. म्हणून रविवारी व्हर्नचा फोन आल्यावर तिला मार्ग सापडल्यासारखं झालं. व्हर्न टटल कॅन्ससमधल्या एका वृद्धाश्रमात होता. अर्धांगाच्या झटक्यानंतर तो उजवा पाय ओढत चालायचा, जीभ मात्र शाबूत होती. दर रविवारी तो आणि आपू फोनवर एकमेकांना शिव्या देत. या खेपेला व्हर्न म्हणाला होता, “बेला, लेका, लोक म्हणे माळे उपसून जुनी कार्डं विकतायत, गाड्या घेतायत. जाऊन बघून ये ना माझा भाव काय चाललाय.” इलोना लगेच म्हणाली, चल आपू, शनिवारी मीच नेते. आपू खूश झाला. लेक आपल्या कार्डासाठी सुट्टी घालवते आहे असं त्याला वाटलं. तिच्या मनात वेगळंच होतं. जाणत्या माणसानं भिंग लावून एकदा म्हणावं, व्हर्न टटल, अमुक साल, अमुक भाव. मग ती आपूला गाडीत हळूच, प्रेमानं सांगणार होती की आता जेवणात तो विषय नको. तशी ती वाईट मुलगी नव्हती. तिला फक्त एक शनिवार सुखानं पार पडायला हवा होता.

“नाही म्हणजे?” तिनं विचारलं. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही.

“नाही म्हणजे नाही,” ड्वेन म्हणाला. गोल पोटाचा, चाळिशीतला माणूस, पण आता त्याचे कान लहान मुलासारखे लाल झाले होते. “बाई, मागे वाचा. काय छापलंय? फेकतो डाव्या हातानं. आता पुढे बघा. ग्लोव्ह कुठल्या हातात आहे? डाव्या. डावऱ्यानं डाव्या हातात ग्लोव्ह घातल्यावर चेंडू फेकायचा कशानं? पायानं?”

“फोटो उलटा छापला असेल.”

“शाब्बास! मलाही आधी तेच वाटलं. पण मग टोपीवरचं अक्षर उलटं यायला हवं. ते बघा कसं सरळ आहे. म्हणजे फोटो सरळ, माणूस उजवा. आणि टटल डावरा.” त्यानं कार्ड काउंटरवरच्या मऊ कापडावर ठेवलं आणि खुर्चीत मागे रेलला. “इतकी वर्षं हे कार्ड लोकांच्या हातातून फिरतंय आणि कुणाच्या लक्षात नाही. येणार कसं? हा टटल एक उन्हाळा खेळला आणि संपला. असल्यांना आम्ही किरकोळांच्या खोक्यात टाकतो. किरकोळांच्या खोक्यावर भिंग कोण धरतो?”

“मग आता?”

“आता? आता मी कार्ड जमवणाऱ्यांच्या मासिकाला लिहिणार. टोलेडोच्या ड्वेन पोलार्ड यांनी शोधून काढलेली चूक! सध्या लोक छपाईतल्या चुकांसाठी वेडे झालेत, बाई. नुसती किरकोळ म्हणून दोन-तीन डॉलर आहे याची किंमत, चूक म्हणून जाहीर झालं तर दोनशे कुठे गेले नाहीत. भावाच्या यादीत ते टटलच्या नावापुढे छापतील, चित्र दुसऱ्याचं. टटलचं खरं कार्ड नाहीच असंही छापतील, कारण याच्याशिवाय त्याचं एकही निघालेलं नाही. फक्त हा कोण ते कळलं की झालं. नाव नसलं तर मजा अर्धी.” मग तो आपूकडे वळला. “काय आजोबा, कार्ड तुमचं ना? हा कोण, काही अंदाज?”

 नको असताना तिला एकदम तो फ्रॉकचा खिसा आठवला, कार्डाच्या कोपऱ्यांची टोचणी, मधल्या सुट्टीतलं ऊन. सांग आता, असं तिच्या आतून कोणीतरी ओरडत होतं, आणि ते कोण हे तिला कळेना, कारण ती तर नेमकी याच्या उलट इच्छा घेऊन इथं आली होती. सांग ना आपू. हा माणूस विश्वास ठेवेल. याला हवंच आहे.

“टटलच आहे,” आपू म्हणाला.

“अहो पण ग्लोव्ह?”

“मस्करी. फोटोवाला आला की पोरं असले चाळे करायचीच. डावरे उजवे होऊन उभे राहायचे, उजवे डावे. छापून आलं की वर्षभर हसायला झालं.”

ड्वेनचे कान पुन्हा नेहमीच्या रंगाचे झाले. “हो,” तो नाइलाजानं म्हणाला, “तसं केल्याचं मीही ऐकलंय एकदोघांचं.”

इलोना आपूकडे बघत राहिली. त्याचे दोन्ही हात पॅन्टच्या खिशात होते. आपूचे हात बोलताना खिशात! जेवणाच्या टेबलावर त्याचे हात बशा पाडत, बायकांच्या केसांना लागत, एकदा तर त्यांनी पाद्र्याचा चष्मा उडवला होता. आणि आता हा माणूस खाली बघून, मोजून मापून, एक शब्द जास्त न टाकता बोलत होता. ना माशी ना मुलगी. भागायला काही ठेवलंच नव्हतं त्यानं. वीस वर्षं फोनवर ऐकलेले सगळे सभ्य, नीटनेटके, मोजके आवाज तिला एकदम ऐकू आले. माझी गाडी उभी होती, मॅडम, मागून ठोकली. छपरातून पाणी आलं, बाई, वादळानंतरच. हा आवाज तिला झोपेतही ओळखू आला असता. आपू खोटं बोलत होता. आयुष्यात पहिल्यांदा तिनं आपल्या बापाला खोटं बोलताना पकडलं होतं, आणि त्याचा सरळ अर्थ असा होता की आजवर तो खरं बोलत आला होता. तिनं काउंटरची कड धरली. मग तो मासाही? हाताएवढा? तिला इतकं अनावर हसू आलं की ते तिनं खोकल्यात घातलं, आणि खोकता खोकता डोळ्यांत पाणी कधी आलं ते कळलं नाही.

पण का? तिनं स्वतःला विचारलं, आणि उत्तर कॅन्ससहून आलं. तिथं व्हर्नच्या पलंगाच्या डोक्याशी हेच कार्ड चिकटपट्टीनं लावलेलं होतं. वृद्धाश्रमातल्या नर्सा त्याला म्हणायच्या, मिस्टर टटल, काय देखणे होता हो तुम्ही, आणि व्हर्न ते रविवारी फोनवर आपूला ऐकवायचा आणि दोघं गुदमरेपर्यंत हसायचे. अजून त्याला कुठून कुठून लोक हे कार्ड पाकिटात घालून पाठवत, सही करून परत धाडा म्हणून. थरथरत्या डाव्या हातानं तो ती करायचा, आपूच्या हनुवटीखाली, आणि एखाद्या आठवड्यात कुणाचं कार्ड आलं नाही की त्याचा आवाज उतरलेला असायचा. तिच्या लहानपणी तो एकदाच घरी आला होता. दारात वाकून आत आलेला उंचच्या उंच माणूस, कान सुपासारखे, आणि आईच्या पाप्रिकाशला नमस्कार केल्यासारखा बसलेला. कार्डावरच्या माणसाचे कान तसे नाहीत, एवढं तेव्हाही तिला दिसायला हरकत नव्हती. तिनं बघितलंच नव्हतं. उद्या मासिकात छापून आलं की त्या पलंगाच्या डोक्याशी एका परक्या माणसाचा फोटो उरणार होता. एक उन्हाळा खेळलेला व्हर्न टटल कुठल्याच कार्डावर नाही असं यादीत ठरणार होतं. आणि छापून आलं नाही, तर आपूची आयुष्यभराची गोष्ट इथं, या मऊ कापडावर, आपूनंच मोडून टाकली होती. कुणाला सांगितलीच पुढे, तर लोक म्हणतील, तूच दुकानात टटल म्हणालास ना?

“बाई, तुम्ही?” ड्वेननं हार मानली नव्हती. त्यानं भिंग तिच्याकडे सरकवलं. “आजोबांचं राहू द्या, वय झालंय. तुम्ही कधी पाहिलंय या टटलला?”

ती वाकली. भिंगाखाली आधी नुसते रंगाचे ठिपके आले, मग ठिपक्यांचा चेहरा झाला. एक तरुण माणूस, ज्युडिथच्या होणाऱ्या नवऱ्याच्या वयाचा म्हणावा असा, उन्हात डोळे बारीक करून ओठ दाबून उभा होता. ते दाबलेले ओठ तिला चांगले ठाऊक होते. जेवणाच्या टेबलावर गोष्ट सुरू करण्याच्या अगदी आधी, कुणीतरी विचारावं म्हणून थांबलेले. भिंगातून ती ते बघत राहिली. मान दुखायला लागली तरी तिला ते सोडवेना. तिला त्याला सांगावंसं वाटलं की आत्ता तुला माहीत नाही, पण तू काचेच्या कारखान्यात जाणार आहेस, तुला टक्कल पडणार आहे, आणि तुझी मुलगी फार शहाणी निघणार आहे. दुकानात धूळ आणि जुन्या पुठ्ठ्याचा वास होता. शेजारी आपूचा श्वास जोरात चालू होता. तो घाबरला होता. ती खरं बोलेल म्हणून घाबरला होता.

“हो, पाहिलंय की,” ती सरळ होत म्हणाली. “घरी आला होता आमच्या. हा व्हर्नच. तेव्हाही असाच चाळे करत होता.”

आपूनं तिच्याकडे पाहिलं. ती पाहिल्याचं न दाखवता पर्स शोधत राहिली.

ड्वेननं लांब उसासा टाकला, रेडिओ लावला आणि पुन्हा धंद्याचा माणूस झाला. कोपरे गोल झालेत. चित्र चौकटीत डावीकडे सरकलंय. इथं बघा, बारीक घडी आहे, कुणीतरी खिशात घालून हिंडवलंय. तीन डॉलर, तेही आजोबांकडे बघून.

“तीन?” आपूचे हात खिशातून बाहेर आले. “चेहरा बघितलास का त्याचा? असा चेहरा आहे तुझ्या अख्ख्या खोक्यात? त्याचं वेगळं काही नाही?”

“चेहऱ्याला भाव नसतो, आजोबा. कोपऱ्याला असतो.”

“मग नाही विकायचं,” आपू म्हणाला. त्यानं रागानं कार्ड उचललं आणि शर्टाच्या खिशात घातलं, बाहेर येईपर्यंत त्याच्यावर तळवा ठेवून.

बाहेर ऊन चांगलं तापलं होतं. गाडीची सीट पोळत होती. इलोनानं किल्ली लावली, पण फिरवली नाही. रस्त्यापलीकडे एक बाई कुत्र्याला समजावत होती आणि कुत्रा तिचं ऐकून घेत होता. आपू काचेतून तेच बघत होता, जणू त्यानं आजवर कुत्रा पाहिला नव्हता.

“व्हर्नला काय सांगशील?” तिनं विचारलं.

“सांगीन, तीन डॉलर. म्हणेल, तू नीट भांडला नाहीस.”

“आपू.”

“काय?”

“त्या दिवशी काय झालं होतं?”

हा प्रश्न तिनं त्याला कधी विचारला नव्हता. विचारायची वेळच कधी यायची नाही, तो आपण होऊनच सुरू व्हायचा. आता तो थांबला. तिला वाटलं, आता माशी येईल, नाहीतर दाढ, आणि काही का येईना, ती शेवटपर्यंत ऐकणार होती. त्याचे हात उठले आणि मांडीवर परत बसले.

“काही झालं नव्हतं,” तो म्हणाला. “व्हर्नला झोप लागली होती.”

“एवढंच?”

“एवढंच. फोटोवाला यादी घेऊन उभा. टटल, म्हणाला. कोणी नाही. परत म्हणाला, टटल. मी तिथंच होतो. माझं नाव यादीत नव्हतंच, इलोना. येणारही नव्हतं. परत जायचं तिकीट आदल्या दिवशीच हातात ठेवलं होतं त्यांनी, तुझ्या आईला कसं कळवायचं ते मला सुचत नव्हतं. कुणाचा तरी ग्लोव्ह गवतावर पडला होता, तो घातला. उजवा का डावा कोण बघतो! आणि म्हटलं, मी टटल.” त्यानं टोपी मांडीवर उलटी करून ठेवली. “व्हर्न आला मग धावत, बटणं लावत. फोटोवाला अजून तिथंच, सामान आवरत. व्हर्ननं नुसतं तोंड उघडायचं होतं. मीच म्हटलं, जा, सांग त्याला, गंमत केली मी. त्यानं माझ्याकडे बघितलं. तिकिटाचं त्याला माहीत होतं. म्हणाला, राहू दे रे बेला. माझा काय, पुढच्या वर्षी काढतील.”

पुढच्या वर्षी व्हर्न मोठ्या लीगमध्ये नव्हता, हे इलोनाला ठाऊक होतं. पुढच्या कुठल्याच वर्षी नव्हता.

“आम्हाला माशी का सांगायचास मग?”

“जेवणात रडायचं का सगळ्यांनी?” आपू म्हणाला.

तिनं हात पुढे केला. त्याला आधी कळेना, मग त्यानं खिशातून कार्ड काढून दिलं. तिनं ते भिंगाशिवाय, उन्हात, हातभर लांब धरून पाहिलं. घडी होती ती तिच्या फ्रॉकच्या खिशातली असणार.

“चांगला आलाय फोटो, आपू,” ती म्हणाली.

म्हातारा लाजला. त्याची टक्कलापर्यंतची सगळी त्वचा गुलाबी झाली, आणि त्यानं खिडकीची काच उगाच खाली केली, वर केली.

“व्हर्नपेक्षा?”

“व्हर्नपेक्षा,” ती म्हणाली आणि किल्ली फिरवली.